आधीचा फोटो

उन्हानं दडी मारून कितीतरी दिवस झाले होते. पाऊस पडत नव्हता आणि आभाळ उघडतही नव्हतं. ओल्या गोधडीसारखं नुसतं गावावर पडून होतं. अशा हवेत सगळ्यांचंच काही ना काही अडतं, पण कुंभाराचं सगळंच अडतं. भांडं वाळत नाही, आणि न वाळलेलं भांडं भट्टीत घातलं की फुटतं.

म्हणून कुंभाराच्या घरात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. ओसरीवर, खाटेखाली, फळीवर, चुलीच्या मागं, जिथं म्हणून कोरडं तिथं गाळण्या उपड्या घातलेल्या. दिसायला मोठ्या कुंडीसारख्या, फक्त बुडाला भोक नाही. मातीत लाकडाचा भुसा मळून त्या साच्यात दाबायच्या. भट्टीत भुसा जळून जातो, भांड्याच्या अंगात बारीक छिद्रं राहतात, त्यातून पाणी झिरपतं आणि घाण वर राहते. शहरातल्या एका कंपनीनं हे काम दिलं होतं. नफाही कमवायचा आणि लोकांचं भलंही करायचं, अशी ती कंपनी. "दोन्ही?" असं कुंभाराच्या आईनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, आणि नीट उत्तर मिळालं नाही म्हणून पुन्हा विचारलं होतं.

काम मात्र खरं होतं. पूर्वी माठ आणि कुंड्या घेऊन बाजारात उन्हात बसावं लागायचं. आता माल दारातून उचलला जायचा. कुंभारणीला ते मान्य होतं. तिला डोक्याला ताप होता तो पाहुण्यांचा. कधी कंपनीत पैसा घातलेले यायचे, कधी घालणारे, कधी पैसा घालावा की नाही ते सांगणारे. जीप थांबायची. प्रत्येकाला चहा. प्रत्येकाला चाकावर बसून पाहायचं असायचं. प्रत्येक जण मातीचे हात वर करून हसायचा, फोटो निघायचा, आणि ती वाकडीतिकडी वाटी मोडून कुंभारीण पुन्हा माती मळायला घ्यायची. त्या दिवसाचं काम बुडायचं ते बुडायचंच.

कुंभाराला पाहुणे आवडायचे. एरवी तो अबोल माणूस. बाजारात त्याला कुणी हाक मारून बोलवायचं नाही. आता दुरून आलेली माणसं त्याच्या चाकाभोवती उकिडवी बसत आणि तो काय म्हणतो ते दुसऱ्याकडून समजून घेऊन माना डोलवत. पाहुण्यांसाठी त्यानं एक वेगळा शर्ट ठेवला होता. जुना, खांद्याला ठिगळ लावलेला. नवा घालू नका, असं कंपनीच्या साहेबानंच सांगितलं होतं.

"लोक पाहुण्यांसमोर चांगले कपडे घालतात," कुंभारीण म्हणायची. "तुमचंच उलटं."

"त्यांना तसं बरं वाटतं," तो म्हणायचा.

कशीबशी एक भट्टी भरेल इतका माल वाळला तेव्हा त्यांनी भट्टी लावली. पहाटेच जाळ घातला. सूर्य कुठं आहे ते कळत नव्हतं, पण तो वर आला असेल अशा सुमाराला कंपनीची पोरगी स्कूटरवरून आली. गावोगावचं काम तीच बघायची. सगळे तिला स्कूटरवालीच म्हणत. तिच्यामागं गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक फोटोवाला बसला होता.

"मावशी, या वेळचे पाहुणे मोठे आहेत," ती हेल्मेट काढत म्हणाली. "शेडचं त्यांच्याच हातात आहे."

लाकूड सरकवणारा कुंभारणीचा हात थांबला. वाळवणीची शेड. वर उजेड येईल असे पत्रे, भट्टीची उरलेली धग आत खेळेल अशी भिंत. आभाळ कसंही असो, माल वाळणार. गेल्या हंगामापासून ती ह्याच एका गोष्टीसाठी कंपनीच्या मागं लागली होती.

"कधी येणार?"

"तेरवा. भट्टी त्यांच्यासमोर उघडायची, असं साहेबांचं म्हणणं आहे."

"आज जाळ, उद्या-परवा निवू द्यायची, तेरवा उघडायची. जमतंय."

"आणि आज एक छोटंसं काम आहे. तुमचा फोटो हवाय."

"काढ की. मी काय पळून चाललेय?"

"इथं नाही, मावशी. तळ्यावर."

कुंभारणीनं कपाळावरची काजळी मनगटानं पुसली. "तळ्यावर कशाला?"

"आधीचा फोटो पाहिजे. म्हणजे फिल्टर यायच्या आधी तुम्ही पाणी कसं आणत होता तो."

"नळावरून आणत होतो."

"त्याच्या आधी?"

"हापशावरून."

"त्याच्याही आधी कधीतरी तळ्यावरून आणलंच असेल ना?"

"तिथं म्हशी बसायच्या, बाई. आम्ही नाही."

स्कूटरवालीनं कुंभाराकडं पाहिलं. कुंभारानं बायकोकडं पाहिलं. "अगं, एका फोटोनं काय झिजणार आहेस?" तो म्हणाला. "शेडचं चाललंय."

शेडचं चाललं होतं म्हणून ती उठली. नाहीतर जाळ सोडून ती कुणाच्या बापासाठी उठली नसती.

तळ्याकडं जायची वाट नळावरून होती. फोटोवाल्यानं तिला चप्पल काढायला लावली, डोक्याचं नवं फडकं काढून भट्टीवरचं काळं फडकं बांधायला लावलं. नळावर बायकांची रांग होती. तिथली एक शेजारीण ओरडली, "काय गं, आमच्यात उभी राहा की! नळाला पाणी आहे."

"माहीत आहे. फोटोसाठी चाललेय."

"ह्या अवतारात?"

रांग हसली. कुंभारीण मान खाली घालून पुढं गेली. कुठं लपावं असं तिला कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं.

तळ्याचं पाणी काठाशी हिरवं आणि आत तपकिरी होतं. गुडघाभर पाण्यात उभं राहून तिनं मडकं बुडवलं. पायाखालचा चिखल बोटांतून वर आला.

"पुन्हा एकदा, मावशी. हात चेहऱ्यावर येतोय."

तिनं मडकं रिकामं केलं, पुन्हा बुडवलं. कुंभारही जाळ शेजाऱ्याच्या हवाली करून मागोमाग आला होता. तो फोटोवाल्याच्या मागून म्हणाला, "जरा हस की."

"नाही, नाही, हसू नका," स्कूटरवाली घाईनं म्हणाली. "हे आधीचं आहे. हसायचं नंतरच्याला."

"माझं काही झालं तरी हसण्यासारखं नाहीच," कुंभारीण म्हणाली. फोटोवाल्याला तो चेहरा फार पसंत पडला.

मडकं डोक्यावर घेऊन ती चढ चढली. उजेड नीट नव्हता म्हणून खाली जाऊन पुन्हा चढली. घरी आल्यावर शेवटचा फोटो राहिला होता, पाणी घरात ठेवतानाचा. फोटोवाल्यानं ओट्यावरचा पिण्याचा माठ बाजूला सरकवला आणि तिथं तळ्याचं मडकं ठेवायला लावलं. तेवढ्यात भट्टीकडून हाक आली. एका बाजूचा जाळ बसला होता. कुंभारीण तशीच अनवाणी धावली. ओले पाय, काळं फडकं, तोंडात शिव्या. भट्टी एकीकडून गार पडली तर निम्मा माल कच्चा निघतो. त्यानंतर संध्याकाळपर्यंत तिला मान वर करायला सवड मिळाली नाही.

भट्टीचं तोंड मातीनं लिंपून झाल्यावरही त्यांना घरी जाता येत नव्हतं. लिंपणाला भेगा पडतात, त्या बुजवत बसावं लागतं. दोघं भट्टीजवळच गोणपाटावर आडवी झाली. घरात कुंभाराची म्हातारी आई एकटी होती. तिचं जेवण झाकून ठेवलेलं होतं. नजर अधू असली तरी घरातल्या घरात ती हातानं चाचपत सगळं करायची.

सकाळी कुंभारीण घरात आली आणि ओट्यासमोर थबकली. तळ्याचं मडकं तिथंच होतं. त्यावर झाकण होतं. पेला वर उपडा घातलेला होता. मडकं अर्ध्याच्या खाली गेलं होतं आणि आतल्या कडेला हिरवा धागा चिकटला होता.

"आई," तिनं बाहेर हाक दिली, "ह्या मडक्यातलं पाणी प्यालात?"

"मग काय विहिरीवर जाऊ?" म्हातारी खाटेवरून म्हणाली. "रात्रभर तहान तहान होत होती. तुझं पाणी मेलं हल्ली गुळमट का लागतंय गं?"

कुंभारणीनं मडकं उचललं आणि उकिरड्यावर नेऊन आपटलं. परत येऊन नवऱ्यासमोर उभी राहिली. "आईंनी फोटोतलं पाणी प्यायलंय."

कुंभार दात घासत होता. चूळ टाकून म्हणाला, "आईचं पोट? ते दगड पचवतं. काही होत नाही."

"मी उचलायला हवं होतं."

"होत नाही म्हटलं ना."

पण तिचं मन घरातून हलेना. दिवसभर साच्यात माती दाबताना ती मध्येमध्ये उठून आत डोकावत होती. दुपारी म्हातारी म्हणाली, "चोर शिरलाय का घरात? सारखी काय बघतेस?"

दुपार कलली तसा कुंभाराचा फोन वाजला. साहेब होता. कुंभार उभा राहून बोलायला लागला, जणू साहेब समोरच आहे. हो, हो सर. बघतो सर. फोन ठेवून तो भट्टीकडं पाहत राहिला.

"काय म्हणतो?"

"पाहुणे उद्याच येतायत. त्यांचं विमान बदललं."

"येऊ देत. चहा पिऊन जातील."

"भट्टी बघायचीय त्यांना."

"बाहेरून बघू दे."

"उघडताना बघायचीय. वरचे थर उद्यापर्यंत निवतील गं."

कुंभारणीनं हातातला गोळा पाटावर आपटला. "तुम्हाला नवीन सांगायचंय का? वरचा थर तुमच्या पाहुण्यांसाठी निवतो आणि खालचा घरच्यांसाठी गरम राहतो, असं असतं का? एवढ्या ओलीत कुठं कुठं उशाखाली घालून वाळवलाय मी तो माल. उघडायची नाही."

"मी कुठं उघडतो म्हणालो?"

"नाहीही म्हणाला नाहीत ना त्याला."

तो उठून भट्टीच्या लिंपणाच्या भेगा बघायला गेला.

म्हातारीचं पोट त्या रात्री बिघडलं. आधी तिनं कुणाला सांगितलं नाही; भिंत धरून आपली आपण बाहेर गेली, आली, पुन्हा गेली. उजाडता उजाडता ती परसातच बसून राहिली, उठताच येईना. कुंभारणीनं तिला दोन्ही काखांत हात घालून उचललं तर एरवीच्या म्हातारीपेक्षा ती हलकी लागली. कपडे खराब झाले होते. कुंभारणीनं तिला धुतलं, पुसलं, दुसरे कपडे घातले, तेवढ्यात तेही खराब झाले. डोळे खोल गेले होते. हाताची कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहायची. ज्या बाईच्या तोंडाला दिवसभर खीळ नसायची ती काहीच बोलत नव्हती.

"अहो!"

कुंभार ठिगळाचा शर्ट घालून अंगण झाडत होता. आत येऊन त्यानं आईकडं पाहिलं आणि झाडू हातातच राहिला.

"दवाखान्यात न्यायला पाहिजे," ती म्हणाली. "आत्ता."

"पाहुणे..." एवढाच शब्द त्याच्या तोंडातून निघाला. बायकोनं असं काही पाहिलं की पुढचं त्यानं गिळलं. "टेम्पो बघतो," म्हणून तो वळला, पण टेम्पोवाला भाजी घेऊन कधीच गेला होता.

तेवढ्यात स्कूटरवाली आली. दोन झाडांमध्ये बांधायला तिनं कापडी फलक आणला होता. कुंभारणीनं तिला गाडी बंदही करू दिली नाही.

"वळव गाडी. म्हातारीला न्यायचंय."

"मावशी, पाहुणे तासाभरात..."

"तुझ्या फोटोचं पाणी प्यायलंय तिनं."

पोरीनं गुंडाळलेला फलक भिंतीला टेकवला. तिघी एका स्कूटरवर बसल्या. पुढं पोरगी, मध्ये म्हातारी, मागं कुंभारीण. म्हातारी घसरू नये म्हणून कुंभारणीनं एक चादर दोघींच्या कमरेभोवती बांधली होती. म्हातारीचं डोकं प्रत्येक खड्ड्याला पोरीच्या पाठीवर आपटत होतं. पोरीच्या खिशात फोन वाजत होता, थांबत होता, पुन्हा वाजत होता. फाट्यावर समोरून कंपनीची जीप आली आणि धूळ उडवत गावाकडं गेली.

दवाखान्यात सलाईन लावलं, पण बाटली अडकवायला जागा नव्हती. होता तो स्टँड दुसऱ्या खाटेला गेलेला. कुंभारीण हात वर करून उभी राहिली. कंपाउंडरनं नाव-गाव विचारता विचारता तिच्याकडं निरखून पाहिलं.

"तुम्ही ते पाण्याचे फिल्टर बनवणारे ना? कंपनीच्या पाटीवर फोटो असतो तुमच्या मालकाचा?"

"हो."

"आणि घरी वापरत नाही?"

"चांगला निघालेला सगळा ऑर्डरला जातो," ती म्हणाली, आणि दंड भरून आला म्हणून बाटली दुसऱ्या हातात घेतली.

पोरगी दाराशी पाठमोरी उभी राहून फोनवर बोलत होती. "सर, मी दवाखान्यात आहे. नाही, मला काही नाही, फिल्टरवाल्यांच्या आईला... हो सर, पाण्यामुळंच." मग बराच वेळ ती नुसती ऐकत होती. "नाही, मी कुणाला सांगत नाही. हो. हो सर." फोन खिशात टाकून ती आत आली आणि काही न बोलता तिनं कुंभारणीच्या हातातली बाटली घेऊन स्वतः वर धरली.

इकडं अंगणात फलक बांधला गेला होता. साहेब हसतमुख, तरणा माणूस. सगळ्यांच्या पुढं पुढं चालत होता. पाहुण्यांमध्ये पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ होते आणि एक बाई होती. दोघंही शांत, नीट ऐकून घेणारी. त्यांनी चाक पाहिलं, साचा पाहिला, गाळण्या हातात घेऊन उजेडाला धरल्या. मग त्या बाईनं विचारलं की ह्यांच्या पत्नी कुठं आहेत, त्या तर फोटोत होत्या.

साहेबानं एकदा कुंभाराकडं पाहिलं. "पाणी आणायला गेल्यात," तो म्हणाला, आणि तेच त्यांच्या भाषेत सांगितलं.

बाईनं हळहळून मान हलवली. कुंभाराला ते समजलं. ती दवाखान्यात आहे हे सांगायच्या ऐवजी तो पाहुण्यांना घेऊन भट्टीकडं निघाला.

भट्टीपाशी आल्यावर पांढऱ्या केसांच्या गृहस्थांनी घड्याळ पाहिलं आणि सौम्यपणे काहीतरी म्हणाले.

"विचारतायत, उघडता येईल का," साहेबानं सांगितलं. "नसेल तर राहू दे म्हणतात. पण इतक्या लांबून आलेत. थोडी फट केली तरी चालेल."

कुंभारानं भट्टीच्या भिंतीवर तळहात ठेवला आणि लगेच काढला. 'नाही' हा शब्द अगदी जिभेवर होता. सगळे त्याच्याकडं पाहत होते, आदरानं पाहत होते. असं त्याच्याकडं आयुष्यात फार कुणी पाहिलं नव्हतं. त्यानं लिंपण उकरलं आणि वरच्या विटा काढल्या.

गरम वाफेचा लोट तोंडावर आला. आत तांबूस गाळण्या एकीवर एक, थरावर थर, अगदी नीट बसलेल्या. पाहुण्यांच्या तोंडून 'वा' निघालं. बाहेरची ओली गार हवा आत शिरली.

टिंग.

बारीक, गोड आवाज. मग आणखी एक. मग इकडून तिकडून, खालून वरून, टिंग टिंग टिंग. त्या बाईनं हसून फोन पुढं धरला. आवाज कसला, असं तिनं विचारलं.

"भांडी बोलतात," कुंभार म्हणाला.

साहेबानं ते सांगितलं. सगळ्यांना फारच आवडलं. एक जण टाळ्या वाजवायला लागला. कुंभारही हसत उभा होता, कारण चेहऱ्याचं दुसरं काय करायचं ते त्याला कळत नव्हतं. एकेका आवाजाला एकेक गाळणी तडकत होती, आणि कुठली ते तो न बघता सांगू शकला असता.

दुपारी म्हातारीचे कपडे न्यायला कुंभारीण घरी आली तेव्हा तो भट्टीसमोर मांडी घालून बसला होता. भोवती तडकलेल्या गाळण्या. कुणाच्या कडेला केसासारखी रेघ, कुणाचे उभे दोन तुकडे.

"उघडलीत?"

"हो."

"त्यानं सांगितलं?"

"सांगितलं नाही. विचारलं."

"विचारलं!" कुंभारणीचा आवाज चिरकला. "विचारलं तर नाही म्हणता येतं हो! जीभ भाजली होती का? माझ्यासमोर नाही म्हणता, आईला औषधाला पैसे मागितले तर 'बघू' म्हणता. आणि परक्या माणसानं एकदा गोड तोंडानं विचारलं की घर उघडून देता!"

तो ठिकऱ्या चाळवत राहिला.

"मी तळ्यात गेले तेव्हा मीही नाही म्हटलं नाही," ती जरा थांबून म्हणाली. "मला शेड पाहिजे होती. पण तुम्हाला नक्की काय पाहिजे होतं ते तरी सांगा."

एकदम दचकल्यासारखं त्यानं विचारलं, "आई?"

"सुचलं का आता? आहे. दुसरी बाटली चाललीय."

तो उठला, तिच्या हातातली कपड्यांची पिशवी घेतली आणि चालायला लागला. ठिगळाचा शर्ट बदलायचंही त्याला भान नव्हतं. दवाखान्यात खाटेशेजारी तो संध्याकाळपर्यंत बसला. अंधार पडायच्या सुमाराला म्हातारीनं डोळे उघडले, हात लांब करून त्याच्या खांद्यावरचं ठिगळ चाचपलं आणि पुटपुटली, "हा शर्ट तर मी चिंध्यांत टाकला होता." कुंभारानं तोंड फिरवलं. शेजारच्या खाटेवरच्या माणसानं नंतर सांगितलं की तो बराच वेळ भिंतीकडं बघून रडत होता.

म्हातारी घरी आली. भट्टीतला अगदी तळाचा थर तेवढा धड निघाला. बाकीच्या ठिकऱ्या फेकून देण्यात अर्थ नव्हता. कुटून बारीक केल्या की नव्या मातीत घालता येतात. नवरा-बायको समोरासमोर बसून मुसळानं ठिकऱ्या कुटत होती तेव्हा स्कूटरवाली आली. ती नेहमीसारखी हसली नाही. आधी आत जाऊन म्हातारीला पाहून आली, मग ओसरीवर टेकली.

"पाहुणे खूश आहेत," ती म्हणाली. "पैसा घालणार आहेत कंपनीत. मोठा."

"आणि शेड?" कुंभारणीनं विचारलं.

"आधी दुसऱ्या भागांत काम वाढवायचंय. शेड पुढच्या टप्प्यात."

मुसळ एकदा जोरात आपटलं गेलं. पोरीनं पिशवीतून टॅब काढला. दर हंगामाला ती हे प्रश्न विचारायची आणि उत्तरं त्यात भरायची. गाळण्यांमुळं लोकांचं किती भलं झालं ते त्यावरून वर कळायचं म्हणे.

"मावशी, हे विचारावं लागतं. ह्या हंगामात घरात कुणाला पाण्यामुळं आजार झाला का?"

कुंभारणीनं तिच्याकडं पाहिलं. "तुला माहीत नाही?"

"विचारावं लागतं."

"झाला. सासूला."

पोरीनं बोट लावलं. "कारण... नळ, विहीर, तळं, साठवलेलं पाणी. ह्यातलं काय लिहू?"

"फोटो लिही."

"मावशी, तसं काही नाही ह्यात."

"मग खाली 'इतर' असेल की. प्रत्येक ठिकाणी असतं."

"असं लिहिलं तर मला विचारतील," पोरगी म्हणाली. "माझी नोकरी आहे."

"मग नको लिहूस," कुंभारीण म्हणाली. रागानं नाही, थकून. "पण मग मला विचारूही नकोस. तुझंही वाचेल, माझंही. तुझा साहेब पाहुण्यांना म्हणाला तसं पाणी आणायला गेल्यात म्हणा, मेल्यात म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा."

मुसळं पुन्हा सुरू झाली. पोरगी टॅब मांडीवर घेऊन बसून राहिली. मग तिनं खाली मान घालून सावकाश टाइप केलं, शेवटी एकदा बोट दाबलं, आणि पाणीसुद्धा न पिता निघून गेली.

साहेबाचा फोन दुसऱ्याच दिवशी आला. कुंभार सवयीनं उभा राहिला. पलीकडून आवाज चढलेला होता. हे काय लिहून पाठवलंय, हे पाहुण्यांच्या कंपनीपर्यंत जातं, त्या पोरीनं आपल्या मनानं लिहिलंय ना, तेवढं फक्त सांगा, बाकी मी बघतो. कुंभारीण कुटायची थांबली. नवरा काय बोलणार ते तिला पाठ होतं.

कुंभार खाली बसला. फोन कानाला लावूनच बसला.

"खरं आहे ते, सर," तो म्हणाला. "माझी आई आहे ती."

पलीकडून आणखी काहीतरी आलं.

"नाही, सर," तो म्हणाला. "मी स्वतःहून कुणाला सांगायला जाणार नाही. पण कुणी विचारलं तर सांगणार. आणि ती पाणी आणायला गेली नव्हती."

फोन ठेवून तो आईच्या खाटेपाशी जाऊन बसला. त्याच्या वाटच्या ठिकऱ्या कुंभारणीनं आपल्या उखळात ओढून घेतल्या.

ह्याचं फार मोठं काही झालं नाही. ऑर्डर तुटली नाही, कारण माल करणारे दुसरे कुणी जवळ नव्हते. स्कूटरवालीला गावांवरून काढून ऑफिसात टेबलाशी बसवलं. वर कुणीतरी तिची ओळ वाचली असावी. आधीचे फोटो काढायचे बंद झाले, निदान ह्या गावात तरी. पाहुणेही महिनोन्‌महिने फिरकले नाहीत. पुढच्या हंगामात एक दिवस ट्रक आला आणि शेडचे पत्रे टाकून गेला. खांब नव्हते. खांबांचं विचारलं तर ते वेगळ्या खात्यातून येतात, असं कळलं. कुंभारणीनं तासभर पत्र्यांकडं बघून दात-ओठ खाल्ले आणि मग नवऱ्याला बाभळी तोडायला पाठवलं.

खांबासाठी खड्डे खणत होती तेव्हा ऊन पडलं होतं. भट्टी आदल्या दिवशीच बंद केलेली होती. कुंभार खड्ड्यात कमरेपर्यंत उतरलेला, कुंभारीण वरून खांब धरून उभी, आणि म्हातारी खाटेवर बसून सांगत होती की खांब वाकडा आहे.

"तुम्हाला दिसत नाही ना, आई? मग वाकडा कसा कळला?"

"त्यानं खणलाय म्हणजे वाकडाच असणार."

रस्त्यावर जीप थांबली. दारं वाजली. साहेब पुढं आला. मागं नवी तीन-चार माणसं, गळ्यात कॅमेरे. "अरे वा, शेड!" साहेब मोठ्यानं म्हणाला. "आपली भट्टी बघायला आलेत हे. आज उघडणार का?"

कुंभारणीनं तोंड उघडलं, पण तिच्या आधी खड्ड्यातून आवाज आला.

"गरम आहे. परवा या."

"पण ह्यांना आजच परत..."

"मग पुढच्या वेळी या," कुंभार म्हणाला. त्यानं वर पाहिलं नाही. फावड्यानं माती काढून काठावर टाकली, ती साहेबाच्या बुटांजवळ पडली.

थोडा वेळ कुजबुज झाली. कुणीतरी पत्र्यांचा फोटो काढला. मग जीप सुरू झाल्याचा आवाज आला, आणि धूळ खाली बसली.

"कोण आलं होतं?" म्हातारीनं विचारलं.

"कुणी नाही," कुंभारीण म्हणाली. "पाहुणे."